गाडी तापली, म्हणजे हेड गॅस्केटच गेले का?

गळितात भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या वाटेवर भरलेला ट्रक तापून उभा राहिला, की जमलेले चौघे एकच निदान करतात, "हेड गॅस्केट गेलं!" पण हेड उतरवायचे म्हणजे गाडी अडकली. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखरही उतरते. म्हणून वाहतूकदार सभासद बंधूंना आमचे सांगणे, पाना लावण्याआधी जरा पाहावे.

इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण काढू नये. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, चांगले हेडही तडकते. आधी होज पाइप, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप, पाचटाने बुजलेली जाळी बघा. हे सारे ठीक असेल, तर गार इंजिनात काठोकाठ पाणी भरून गाडी चालू करा. अडकलेली हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, तर कॉम्प्रेशन पाण्यात शिरतंय. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस असेल, तर ऑइलात पाणी आहे. पण हा दोष ऑइल कूलरचाही असू शकतो, हे मिस्त्री पुष्कळदा विसरतात.

हेड उतरवलेच, तर नुसते नवे गॅस्केट घालून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी धरून फिलर गेजने बाक तपासावा, तडा पाहावा. बाक निघाला तर फेसिंग करून घ्यावे. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. "हाताचा अंदाज हाय" म्हणणाऱ्याला चहा पाजावा, पाना देऊ नये. ऑइलात पाणी गेले असेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलूनच गाडी सुरू करावी, नाहीतर बेअरिंगं जातात.