श्रावकाच्या घरातील श्वान

वाशीच्या मसाला बाजारात आमचा हळदीचा गाळा आहे. सहा वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडी, पोत्यांची थप्पी हलविताना एका माथाडी कामगाराला मागे काहीतरी कुईकुई करताना ऐकू आले. जेमतेम महिन्याचे पिल्लू होते ते. त्याची आई आदल्या दिवशी ट्रकखाली सापडली होती. अंगाखांद्यावर सांगलीच्या हळदीची भुकटी बसल्यामुळे ते मूळचे कोणत्या रंगाचे, हे दोन आंघोळींनंतर कळले. यजमानांनी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून नेरूळला घरी आणले, "दोन दिवसांपुरते" म्हणून. नाव आपोआपच पडले : हळद्या.

आमच्यासारख्या घरात कुत्रा येणे ही साधी गोष्ट नसते, हे वाचकांना सांगायला नकोच. सोवळ्याचा प्रश्न असतो, स्वयंपाकघराचा असतो, मुनिमहाराजांच्या आहाराच्या दिवसांचा असतो. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी विचारले, "याला खायला काय घालणार? आपल्या घरात याचे पोट भरेल का?" प्रश्न रास्त होता. अनेक जैन घरे याच प्रश्नापाशी अडतात आणि कुत्रा पाळण्याचा विचार सोडून देतात; काही घरे कुत्रा पाळतात आणि बाहेरून गुपचूप डबे आणवतात. दुसऱ्या मार्गापेक्षा पहिला बरा, असे मला वाटते.

उत्तर मात्र आशादायक आहे. कुत्रा लांडग्याचा वंशज असला, तरी माणसाच्या शेजारी हजारो वर्षे राहून त्याचे पोट बदलले आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. भाकरी आणि भात त्याला पचतो, तो यामुळे. मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराला आहारातूनच मिळावा लागतो आणि तो निसर्गतः मांसात असतो. म्हणून शाकाहारी घराने मांजर पाळण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. कुत्र्याच्या बाबतीत शाकाहार शक्य आहे, पण आपल्या ताटातले उरलेसुरले त्याच्यापुढे ढकलणे म्हणजे शाकाहार नव्हे. नुसत्या दूध-पोळीवर वाढविलेला कुत्रा लठ्ठही होतो आणि कुपोषितही राहतो. डाळी, सोयाबीन, पनीर, भोपळा, नाचणी यांचा मेळ पशुवैद्याला विचारूनच बसवावा. बाजारात तयार शाकाहारी खाद्यही मिळते. पण पिशवीवरची घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. व्यापारी माणसाला ती सवय असतेच. चघळण्यासाठी मिळणारी पांढरी 'हाडे' बहुधा जनावराच्या कातड्याची असतात, सांधेदुखीच्या गोळ्यांत शिंपल्यांचा किंवा कोळंबीच्या कवचाचा अंश असू शकतो, आणि चमकदार केसांसाठी दिले जाणारे तेल माशाचे असते. हळद्या गाजर चघळतो. कधी कोणी सिक्कीमहून आले, तर याकच्या दुधाचे कडक छुर्पी आणते. मग दोन दिवस त्याला आमची आठवण राहत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या स्वयंपाकघराच्या बाजूची आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. इतर घरांतील आमटी-भाजी त्याला म्हणूनच घातक ठरू शकते. आमच्या घरात ही भीतीच नाही. त्याऐवजी आमच्याकडे मनुका असतात, आणि द्राक्षे व मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. पर्युषणानंतरच्या पारण्याला सुक्या मेव्याची ताटे खालच्या तिपाईवर ठेवली जातात. ती वर ठेवावीत. चॉकलेटही तसेच वर्ज्य.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या आमच्या रिवाजाने तर हळद्याला शिस्तच लावली. त्याची वाटी साडेपाचला भरते, रात्री साडेनऊला शेवटची फेरी होते, आणि अंगणात घाण करण्याची तक्रार सोसायटीत कधी झाली नाही. पिल्लाला घडविण्याचे निम्मे रहस्य वेळापत्रकात आहे. उरलेले निम्मे बक्षिसात. योग्य कृती झाली, की त्याच क्षणी पनीरचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा द्यावा. चुकीकडे दुर्लक्ष करावे किंवा त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे. वर्तमानपत्राची सुरळी करून मारण्याची जुनी पद्धत निरुपयोगी आहे : कुत्रा चूक विसरतो, हात लक्षात ठेवतो. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने जे जे पाहिले, ते त्याला आयुष्यभर परके वाटत नाही. हळद्याने या वयात लिफ्ट, मिक्सर, देवघरातील घंटा आणि व्हीलचेअरवरचे शेजारचे आजोबा हे सारे पाहिले. छत्री पाहिली नाही. तो अजून छत्रीवर भुंकतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आम्ही ते घोकले, तेव्हा डोळ्यांपुढे बैल असे. आज नेरूळच्या इमारतींतून फिरताना कुत्रे दिसतात. गच्चीतल्या साखळीला दिवसभर अडकविलेला लॅब्राडोर हा बंध. रुबाबदार दिसावा म्हणून डॉबरमनचे कान आणि शेपूट कापणे हा उघड छेद. मुलांना शिक्षा म्हणून कुत्र्याचे जेवण बंद ठेवणारी माणसेही मी पाहिली आहेत, आणि ती मंदिरात माझ्या शेजारी बसतात.

विकत घेण्याविषयीही चार शब्द. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई दाखविण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून परत फिरावे. आपल्या समाजातील काही तरुणांनी पैदास हा जोडधंदा म्हणून सुरू केल्याचे कानावर येते. त्यांनी हेमचंद्राचार्यांचे योगशास्त्र किंवा पंडित आशाधरांचे सागारधर्मामृत उघडून पाहावे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत 'असतीपोष' येतो आणि धनासाठी प्राणी पोसणे त्यात मोडते. कुत्रा पाळण्याला तेथे हरकत नाही. त्याच्यावर पैसा कमावण्याला आहे.

जातीचा मोह असलाच, तर निदान हवामान पाहावे. दाट केसांचा हस्की नेरूळच्या दमट मे महिन्यात वातानुकूलित खोलीचा कैदी होतो. चपट्या नाकाच्या पगला पाम बीच मार्गाच्या कडेला दहा मिनिटे चालविले तरी धाप लागते. लॅब्राडोर स्वभावाने सोन्यासारखा, पण खादाड. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली अनेक लॅब्राडोरांत भुकेशी संबंधित जनुकच सदोष आढळले, तेव्हा बिचाऱ्याला दोष तरी किती द्यावा! आपल्या मातीतील कारवानी देखणा आणि काटक आहे, परंतु तो ससा धरण्यासाठी घडलेला जीव. मोकळे मैदान नसेल, तर दोन खोल्यांत त्याचा जीव घुसमटतो. साधा गावठी कुत्रा या हवेत सर्वांत सुखाने जगतो. तो मिळतोही फुकट.

आता त्या गोष्टीकडे वळते, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

हळद्या दीड वर्षाचा असताना पावसाळ्यात त्याच्या कानात गोचीड दिसले. मग पायांच्या बोटांत, मग मानेखाली. यजमान औषध आणायला निघाले, तर सासूबाईंनी अडविले. ऊ, ढेकूण, मुंगी तसा हा तीन इंद्रियांचा जीव. आपल्या घरात तो मारण्यासाठी औषध आणायचे? त्या स्वतः रोज दुपारी चष्मा लावून बसू लागल्या. एकेक गोचीड सांभाळून सोडवीत आणि डबीत ठेवून खाली बागेच्या कडेला सोडून येत. त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करण्याची माझी प्राज्ञा नव्हती, इच्छाही नव्हती. गुडघेदुखी असलेली बाई दिवसातून दोनदा खाली उतरत होती.

भाद्रपदात हळद्याने खाणे सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंथरुणावर रक्ताचे थेंब होते. नाकातून येत होते. पशुवैद्यांनी रक्त तपासले. गोचिडांतून पसरणारा एहर्लिकिया हा ताप होता, आणि रक्तातील प्लेटलेट धोक्याच्या पातळीखाली गेल्या होत्या. चार आठवडे प्रतिजैविक चालले, सुरुवातीला सलाईन. सासूबाई त्याच्याजवळ फरशीवर बसून णमोकार म्हणत असत. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानात हाच मंत्र सांगितला आणि तो कुत्रा यक्ष होऊन पुढे त्याच्या मदतीला आला, ही क्षत्रचूडामणीतील कथा आमच्या घरात सर्वांना ठाऊक. धर्माच्या बळावर श्वानही देव होतो, असे समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडकात म्हटले आहे, हेही ठाऊक. पण त्या आठवड्यात आम्हाला हळद्या यक्ष व्हायला नको होता. तो हळद्याच राहायला हवा होता.

तो वाचला. नंतर डॉक्टरांनी जे समजावले, त्याने आमचा जमाखर्चच बदलला. कुत्र्यावरचे तपकिरी गोचीड बागेत नव्हे, तर घरात वाढते. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते, भिंतीच्या फटीत किंवा चौकटीमागे शिरते आणि हजारो अंडी घालून मरते. सासूबाईंच्या नजरेतून सुटलेल्या दोन-चार माद्या पुरेशा होत्या. त्या मोसमात घरात विषारी फवारणी करावी लागली आणि त्यात किती जीव गेले, त्याची मोजदाद करणे शक्य नाही. बागेत सोडलेली गोचिडेही उपाशी मरत नसत. ती वॉचमनच्या खोलीजवळच्या भटक्या कुत्रीवर चढत, आणि तिच्यासाठी कोणी डॉक्टर बोलावत नव्हते.

सासऱ्यांनी यावर बराच विचार केला. त्यांचे म्हणणे असे, की जीव उत्पन्नच होऊ नये अशी दक्षता घेणे ही यत्ना आहे. हयगय करून मग संहार करणे हा प्रमाद. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला हळद्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकायचे ठरले. चघळण्याच्या गोळीला बहुधा मांसाचा स्वाद असतो, म्हणून थेंब. शिवाय काही प्रकारचे थेंब गोचिडाला चिकटण्यापूर्वीच दूर सारतात. सगळ्यांनाच नाही, हे मान्य केले पाहिजे. जे चिकटते, ते मरते. नसबंदीच्या वेळीही असाच वाद झाला होता, कारण पशूंचे खच्चीकरण म्हणजे 'निर्लांछन' हेही त्याच पंधरा व्यवसायांच्या यादीत आहे. पण ती बंदी उपजीविकेसाठी आहे, आणि जन्मताच चाकाखाली जाणारी पिल्ले आम्ही बाजारात रोज पाहतो, असे मी म्हटले. हा माझा तर्क आहे. त्यागीजनांचा निर्णय म्हणून कोणी तो घेऊ नये.

घराबाहेरचा प्रश्न याहून अवघड आहे. नेरूळलगतच्या सीवूड्समधील एका मोठ्या वसाहतीत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना दंड लावल्यावरून उठलेला वाद २०२१ च्या अखेरीस देशभर गाजला आणि उच्च न्यायालयातही गेला. पुढे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वसाहतींवर खाऊ घालण्याची जागा नेमून देण्याची जबाबदारी टाकली : मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून दूर. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्यात कोठेही खाऊ घालू नये, ठरलेल्या जागीच घालावे, असे बजावले. जीवदयेच्या नावाने फाटकाजवळच पोळ्या टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी याकडे लक्ष द्यावे. चावलेल्या मुलाची भीती हीसुद्धा एका जीवाचीच भीती आहे. कुत्रा चावला, की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. रेबीज एकदा प्रकट झाला, की वाचण्याची आशा जवळजवळ नसते. हळद भरणे हा उपाय नव्हे. हळदीचे व्यापारी म्हणून हे आम्ही आवर्जून सांगतो. पाळीव कुत्र्याला दरवर्षी लस आणि महापालिकेचा परवाना, हे तर गृहीतच. सीवूड्सच्या तळ्याकडे रोहित पक्षी उतरतात, त्या दिवसांत त्याला तिकडे मोकळे सोडू नये.

मुनिमहाराजांचा आहार आमच्याकडे असतो, तेव्हा हळद्या आदल्या रात्रीच चौथ्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे जातो. शेजारी बंगाली आहेत. त्यांच्या घरी त्याला काय मिळते, हे आम्ही विचारत नाही आणि त्यांनी, माझ्या समजुतीप्रमाणे, केवळ बिस्किटेच दिली आहेत. मुलगा म्हणतो, परतल्यावर तो दोन दिवस गाजराकडे जरा निराशेने पाहतो.

सासूबाई अजून सहमत नाहीत. पहिल्या तारखेला यजमान औषधाची कुपी उघडतात, तेव्हा त्या उठून देवघरात जातात आणि आलोचना पाठ म्हणतात. तो संपला, की बाहेर येतात, चष्मा लावतात आणि जुनी फणी घेऊन हळद्याला समोर बसवतात. कान आधी, मग पायांची बोटे. तो डोळे मिटून घेतो.