वेदनाशामक गोळी आणि वनस्पती : वाळुंज, हळद, सालई

लेखमाला : दाह आणि देह (लेखांक पाचवा)

मागील लेखांकात तीव्र दाह आणि जीर्ण दाह यांतील फरक पाहिला. जखम किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर उद्भवणारा आणि काम संपताच शमणारा दाह हा शरीराच्या संरक्षणाचा भाग असतो. परंतु तीच प्रक्रिया महिनोन्‌महिने धुमसत राहिली, की सांधे, स्नायू आणि रक्तवाहिन्या यांचे नुकसान करू लागते. गुडघ्यांची झीज, आमवात, जुनाट कंबरदुखी अशा विकारांत रुग्णाला वर्षानुवर्षे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांचा आधार घ्यावा लागतो, आणि त्या गोळ्यांचा त्रास जाणवू लागला, की वनस्पतिजन्य पर्यायांचा विचार सुरू होतो. हा विचार बहुधा ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य आणि रासायनिक म्हणजे घातक’ या समजुतीवर उभा असतो. प्रत्यक्षात एखादे द्रव्य उपयोगी पडेल की अपाय करील, हे त्याच्या उगमावरून नव्हे, तर ते दाहाच्या साखळीतील कोणत्या कडीवर काम करते, किती प्रमाणात तेथे पोहोचते आणि त्याची पारख कशी झाली आहे, यावरून ठरते. प्रस्तुत लेखांकात काही परिचित वनस्पती याच तीन कसोट्यांवर तपासावयाच्या आहेत.

त्यासाठी प्रथम गोळीचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. पेशींच्या आवरणात ॲराकिडॉनिक आम्ल नावाचे एक स्निग्धाम्ल असते. पेशीला इजा झाली, की ते मोकळे होते आणि त्याच्यापासून दोन निरनिराळ्या मार्गांनी दाहकारक द्रव्ये तयार होतात. पहिल्या मार्गावर सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे संक्षेपाने कॉक्स, हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये निर्माण करते, ज्यांच्यामुळे सूज येते आणि वेदनेची जाणीव तीव्र होते. दुसऱ्या मार्गावर लायपॉक्सिजनेज या विकरापासून ल्यूकोट्रायीन ही द्रव्ये तयार होतात, जी पांढऱ्या पेशींना दाहाच्या ठिकाणी खेचून आणतात. ॲस्पिरिन आणि तत्सम गोळ्या पहिला मार्ग अडवतात, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्या संशोधनाबद्दल १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. तथापि प्रोस्टाग्लँडिन केवळ वेदनाच उत्पन्न करत नाहीत. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणे, ही कामेही तीच करतात. त्यामुळे गोळीने वेदना कमी होत असतानाच जठरात व्रण पडण्याची आणि मूत्रपिंडावर ताण येण्याची शक्यता निर्माण होते. कॉक्सचे दोन प्रकार असल्याचे लक्षात आल्यानंतर, जठराला सांभाळणारा पहिला प्रकार न छेडता केवळ दाहाशी निगडित असा दुसरा प्रकार रोखणारी औषधे बनवण्यात आली; मात्र त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे गाजलेले औषध हृदयविकाराचा धोका वाढवत असल्याचे आढळल्याने २००४ च्या सप्टेंबरअखेर जगभरातून मागे घ्यावे लागले.

वनस्पती आणि गोळी यांतील सीमारेषा किती पुसट आहे, हे ॲस्पिरिनच्या इतिहासातूनच स्पष्ट होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरचे धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी विलो वृक्षाच्या वाळवलेल्या सालीचे चूर्ण हिवतापासारख्या तापाच्या सुमारे ५० रुग्णांना देऊन त्याचा वृत्तांत १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवला. पुढे १८२८ मध्ये म्युनिक येथे योहान बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळे केले, १८३८ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवले आणि १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील डॉक्टर टॉमस मॅक्लगन यांनी संधिज्वराच्या रुग्णांवर सॅलिसिनचा वापर केल्याचे प्रसिद्ध केले. सॅलिसिलिक आम्ल पोटाला फार झोंबत असल्याने जर्मनीतील बायर कंपनीत १८९७ मध्ये त्याला ॲसिटिल गटाची जोड देण्यात आली आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. विलोच्याच कुळातील वाळुंज हे झाड महाराष्ट्रातही ओढ्या-नद्यांच्या काठी वाढते.

विलोच्या सालीतील सॅलिसिनचे रूपांतर आतड्यात आणि यकृतात सॅलिसिलिक आम्लात होते, म्हणजेच साल घेणारा रुग्ण एका अर्थाने गोळीच्याच पूर्वजाचे सेवन करत असतो. जुनाट कंबरदुखी उफाळून आलेल्या २१० रुग्णांवर इस्रायलमध्ये झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन मिळेल एवढा अर्क घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के रुग्ण चौथ्या आठवड्यात वेदनामुक्त होते. १२० मिलिग्रॅमच्या गटात हे प्रमाण २१ टक्के, तर केवळ प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेली हुबेहूब गोळी, घेणाऱ्यांत ६ टक्के होते. मात्रा वाढताच परिणाम वाढला, हा औषधी गुणाचा भक्कम पुरावा होय. ॲस्पिरिनमधील ॲसिटिल गट रक्तातील बिंबिकांना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणांना, कायमचे निकामी करतो. सालीत तो गट नसल्याने रक्तस्रावाची भीती तुलनेने कमी असते, पण त्याच कारणाने हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी घेतल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनची जागा सालीला घेता येत नाही. शिवाय ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने विलोची सालही वर्ज्यच मानावी लागते.

हळदीची कथा वेगळ्या वळणाची आहे. तिच्यातील पिवळ्या रंगाचे कारण असलेले कुर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेतील पेशींवर दाहाच्या अनेक कड्या एकाच वेळी रोखताना दिसते. अडचण अशी, की हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून अत्यल्प शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचाही यकृत झपाट्याने निचरा करते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २ ग्रॅम कुर्क्युमिन घेऊनही निरोगी व्यक्तींच्या रक्तात त्याचा मागमूस फारसा आढळला नाही, मात्र मिऱ्यातील पायपरिन हे द्रव्य २० मिलिग्रॅम जोडताच त्याची उपलब्धता सुमारे २००० टक्क्यांनी वाढली. स्वयंपाकातील हळदीत कुर्क्युमिनचे प्रमाण साधारणपणे तीन टक्के धरले, तर बाजारातील ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलइतके कुर्क्युमिन मिळण्यासाठी १६ ते १७ ग्रॅम हळदपूड लागेल. हळदीच्या दुधात पडणाऱ्या अर्ध्या चमच्यातून त्याचा दहावा हिस्साही मिळत नाही. म्हणून घरगुती वापर आणि औषधी मात्रा या दोन गोष्टी एकमेकींच्या नावावर खपवता येत नाहीत.

औषधी मात्रेतील अर्काचा उपयोग मात्र अगदीच निराधार नाही. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिझिजेच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवड्यांच्या अखेरीस १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनपेक्षा उणा ठरला नाही आणि पोटाच्या तक्रारीही त्या गटात कमी आढळल्या. उलटपक्षी २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कुर्क्युमिनवरील संशोधनाचा आढावा घेऊन असा इशारा दिला, की हे द्रव्य प्रयोगशाळेतील मापन-पद्धतींतच ढवळाढवळ करते, त्यामुळे परीक्षानळीतील अनेक चमकदार निष्कर्ष फसवे असू शकतात. शोषण वाढवण्याच्या युक्तीचीही किंमत मोजावी लागते. पायपरिन यकृताच्या निचऱ्याच्या यंत्रणेला मंद करते आणि त्यामुळे रुग्ण घेत असलेल्या इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी निगडित अशा १० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला होता आणि सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. शतकानुशतके फोडणीत निर्धोक ठरलेली हळद, शोषण वाढवलेल्या अर्काच्या रूपात काही मोजक्या व्यक्तींच्या यकृताला अपायकारक ठरू शकते, ही बाब म्हणूनच परस्परविरोधी नाही.

तिसरी वनस्पती सालई ही सातपुड्याच्या कोरड्या डोंगरउतारांवर, मेळघाटात आणि विदर्भ-खानदेशातील पानझडी जंगलांत आढळणारी असून आयुर्वेदात ती शल्लकी म्हणून ओळखली जाते. तिच्या खोडाला छेद दिल्यावर पाझरणाऱ्या सुगंधी डिंकात बॉस्वेलिक आम्ले असतात. ही आम्ले प्रामुख्याने दुसऱ्या मार्गावरील लायपॉक्सिजनेज रोखतात, असे जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातील संशोधनातून १९९० च्या दशकारंभी पुढे आले. नेहमीच्या गोळ्या ज्या कडीला हात लावत नाहीत ती कडी सालईचा डिंक पकडतो, आणि जठराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनना तो फारसा धक्का लावत नसल्याने पोटाला होणारा त्रास कमी राहतो. त्याची सौम्यता झाडापासून मिळण्यात नसून या कार्यस्थानात आहे.

सालईच्या पारखीत नागपूरचा वाटा लक्षणीय आहे. तेथील इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांना आठ आठवडे सालईचा अर्क किंवा प्लासिबो देऊन, काही काळ औषध थांबवून नंतर गटांची अदलाबदल केली. आपण काय घेत आहोत हे रुग्णाला आणि काय देत आहोत हे डॉक्टरला ठाऊक नसेल अशी, म्हणजे दुहेरी अंध पद्धतीची, ही चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्क घेत असताना वेदना आणि सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला आणि चालण्याचे अंतर वाढले, परंतु क्ष-किरण चित्रांत कोणताही फरक पडला नाही, म्हणजेच झालेली झीज भरून निघाली नाही. नागपूरच्याच संशोधकांनी २००७ मध्ये ६६ रुग्णांवरील सहा महिन्यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत व्हॅल्डेकॉक्सिब हे औषध लवकर लागू पडले आणि थांबवताच त्याचा परिणाम ओसरला, तर सालईचा परिणाम सावकाश दिसून औषध थांबवल्यानंतरही महिनाभर टिकला. ही चाचणी अंध पद्धतीची नव्हती, ही मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते. संधिझिजेवरील वनस्पतिजन्य औषधांचा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये जो आढावा घेतला, त्यात बॉस्वेलिक आम्लाचे प्रमाण वाढवलेला १०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांची वेदना ९० दिवसांनंतर शंभरच्या मापावर प्लासिबोपेक्षा १७ गुणांनी कमी आढळली. हा लाभ मध्यम स्वरूपाचा असला, तरी रुग्णाला जाणवण्याइतका आहे. बॉस्वेलिक आम्ले स्निग्धपदार्थयुक्त जेवणाबरोबर अधिक शोषली जातात, म्हणून अर्क उपाशीपोटी घेण्यात फारसा अर्थ नसतो.

अनेक वनस्पतींच्या मिश्रणाची परीक्षाही महाराष्ट्रात झाली आहे. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांवर आधारित आयुर्वेदीय योगांची सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन यांच्याशी ४४० रुग्णांवर २४ आठवडे तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुडघेदुखीतील उतार सर्व गटांत सारखाच आढळला. मात्र आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताशी संबंधित एसजीपीटी या रक्तघटकाची पातळी कोणतेही लक्षण नसताना वाढलेली दिसली आणि औषध थांबवल्यावर ती पूर्ववत झाली. करोनाच्या साथीत गुळवेलीच्या अतिरिक्त सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. वादाचा निर्णय काहीही असो, दीर्घकाळ घ्यावयाच्या कोणत्याही औषधाबरोबर अधूनमधून यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी करावी, हा नियम वनस्पतिजन्य औषधालाही लागू करणे शहाणपणाचे ठरते.

पोटात न घेता वरून लावण्याच्या उपायांत मिरचीतील कॅप्सेसिनचे मलम उल्लेखनीय आहे. ते दाह शमवण्याऐवजी वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना वारंवार उत्तेजित करून अखेर बधिर करते. मज्जातंतूंवरील ज्या ग्राही प्रथिनाद्वारे हे घडते त्याचा शोध डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये लावला आणि त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

वनस्पतींचा पर्याय कोठे संपतो, हेही तितकेच स्पष्ट असावयास हवे. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते, आणि तेथे वेदना शमवण्यापेक्षा सांध्यांची हानी रोखणे महत्त्वाचे असते. ते काम मेथोट्रेक्सेटसारखी रोगनियंत्रक औषधे करतात. नेहमीची वेदनाशामक गोळी ते करत नाही आणि हळद किंवा सालईही ते करत असल्याचे सिद्ध झालेले नाही. अशा रुग्णाने मूळ औषध सोडून अर्कावर विसंबणे म्हणजे वेदना कमी वाटत असताना सांधे गमावणे होय. ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीला तर कळलावी ही वेल पुरेसे उत्तर देते. वातरक्त, म्हणजे युरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे होणारा तीव्र सांधेदाह, यावर आजही दिले जाणारे कोल्चिसिन हे औषध तिच्यात असते. त्याच्या मिलिग्रॅमभर मात्रेने रुग्णाला आराम पडतो आणि कळलावीचा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवू शकतो.

या सर्वांचा व्यावहारिक निष्कर्ष मर्यादित पण उपयुक्त आहे. गुडघ्याच्या झिजेसारख्या सावकाश वाढणाऱ्या विकारात, विशेषतः जठरव्रणामुळे नेहमीच्या गोळ्या झेपत नसतील तर, डॉक्टर किंवा वैद्य यांच्या देखरेखीखाली घटकद्रव्याचे प्रमाण वेष्टनावर स्पष्ट नमूद केलेला अर्क दोन ते तीन महिने घेऊन पाहणे आणि त्या काळात वेदना, चालण्याचे अंतर व लागणाऱ्या गोळ्यांची संख्या यांची नोंद ठेवणे, हा वाजवी मार्ग आहे; फरक पडला नाही तर तो अर्क थांबवणे हाही त्याच मार्गाचा भाग आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, शस्त्रक्रिया होऊ घातलेले, पित्ताशयात खडे असलेले, गर्भवती आणि यकृताचे विकार असलेले यांनी मात्र आधी विचारणा केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. निनावी पुड्यांतून मिळणाऱ्या आणि दोन दिवसांत चमत्कार घडवणाऱ्या ‘जडीबुटी’पासून सर्वांनीच सावध राहावे, कारण अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ वेळोवेळी सापडली आहे, आणि वर पाहिल्याप्रमाणे खऱ्या सालईला परिणाम दाखवण्यास अवधी लागतो.

अर्कांची मागणी वाढू लागली, की तिचा भार अखेर जंगलातील झाडांवर पडतो. सालई आणि गुग्गुळ यांचा डिंक काढण्याच्या पद्धती, अतिछेदनाने होणारी झाडांची हानी आणि तिच्यावरील उपाय यांचा विचार पुढील लेखांकात करावयाचा आहे.