माळवद उतरलं, लाकूड उरलं

बीड जिल्ह्यातलं शिरूर कासार आणि सिंदफणेच्या काठची गावं आता स्लॅबची होत चालली आहेत. मातीच्या भिंतींवर लाकडाचे खण टाकून उभं राहिलेलं माळवद एकेका घरावरून उतरतं आणि त्या जागी विटा-सिमेंटच्या दोन खोल्या उभ्या राहतात. माळवद उतरवताना ओसरीचे खांब, तुळया, सर, किलचन, कडी-कोयंड्यासकटची दारं, भिंतीतलं फडताळ असं बरंच काही अंगणात येऊन पडतं. त्याबरोबर घरातलं सामानही बाहेर येतं. आजीची संदूक, देवाचा चौरंग, एक पाय लुळा झालेलं स्टूल, कुणाच्या तरी लग्नात आंदण आलेला दिवाण. नव्या फरशीवर हे शोभत नाही असं घरातल्या तरुण मंडळींचं मत पडतं. मग यातलं थोडं गोठ्यात जातं, थोडं भंगारात, आणि पुष्कळसं चुलीत.

हे थांबायला हवं, आणि त्यामागचं कारण नुसतं जुन्या आठवणींचं नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी टेबलं-कपाटं बहुतेक भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांची असतात. त्यांच्या कडेवरची पट्टी निघाली आणि आत पाणी शिरलं, की पाटी फुगते. एकदा फुगलेली पाटी पूर्ववत होत नाही, तिच्यात स्क्रूही धरत नाही. उलट जुनं सामान साग, बाभूळ, लिंब किंवा आंब्याच्या अखंड लाकडाचं असतं. ते घासता येतं, जोडता येतं, मोडलेला पाय बदलता येतो. ज्यांच्या घरात असं सामान नाही, त्यांना ते दुसऱ्या हाताने घेता येतं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोरबाजार आणि जोगेश्वरीजवळची ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं आहेत. पण मराठवाड्यातल्या माणसाला इतक्या लांब जायची गरज नाही. शेजारच्या गल्लीत माळवद उतरतंय का, एवढंच पाहायचं.

असं जुनं सामान रंगवून पुन्हा वापरात आणता येतं, आणि लाकडावर रंग चढवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पोळ्याला बैलांची शिंगं रंगतात, त्याच सुमारास कित्येक घरांत बैलगाडीवरही ऑइल पेंटचा हात फिरतो. सगळ्यात मोठं उदाहरण मात्र तळकोकणातलं आहे. सावंतवाडीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या पाट, चौरंग, खेळणी आणि गंजिफाचे गोल पत्ते रंगवत आले. ही कला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपली होती. सत्तरच्या दशकात राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम सुरू करून दिलं. आज तिथे गंजिफांबरोबर दशावताराच्या चित्रांनी सजलेलं लाकडी सामानही बनतं. त्या कामात लक्ष वेधून घेतात ते उजळ लाल-पिवळे रंग. पण शिकण्यासारखी गोष्ट त्या रंगांच्या खाली आहे. पारंपरिक पद्धतीत गंजिफावर चित्र काढण्याआधी चिंचोक्याची खळ आणि खडू यांचा लेप देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करतात. रंग टिकतो तो या अस्तरामुळे.

घरच्या दिवाणालाही हाच नियम लागू आहे. चार दिवसांच्या कामात ब्रश हातात येतो तो शेवटच्या दिवशी.

पहिलं काम धुण्याचं. चुलीच्या धुराने आणि देवघरातल्या समईच्या काजळीने लाकडावर तेलकट थर बसलेला असतो. तो तसाच ठेवून पॉलिश पेपर मारला, तर तेल लाकडात आणखी मुरतं आणि वरचा रंग महिन्याभरात सोलून निघतो. म्हणून धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने फडकं पिळून पुसायचं, मग साध्या पाण्याने, आणि सावलीत नीट वाळू द्यायचं. बीडच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात लाकूड लवकर वाळतं. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नये. दमट हवेत चपड्याचं पॉलिश पांढुरकं पडतं आणि ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो.

मग कीड पाहायची. शिरूर कासार तालुक्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण इथली असंख्य कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढे महिने घर बंद असतं. मातीच्या भिंतीला टेकलेल्या लाकडात वाळवी शिरली, तरी पाहायला कुणी नसतं. टाचणी टोचून पाहावी. सहज आत गेली तर तो भाग पोकळ आहे. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत पोखरणारा भुंगा जिवंत आहे. वाळवीचं औषध इंजेक्शनच्या सुईने भोकांत सोडून, काही दिवस थांबून, मगच भोकं लांबीने बुजवायची. पोकळ झालेला पाय रंगवून भक्कम होत नाही. तो सुताराकडून बदलून घ्यावा लागतो. ढिल्या सांध्यांचंही तसंच. जुन्या सामानात कुसू आणि खाच सरसाने चिकटवलेली असत. फेविकॉल आलं 1959 मध्ये. वाळून ठिसूळ झालेला सरस खरवडून काढल्याशिवाय नवं फेविकॉल धरत नाही.

आता घासणं, आणि इथे एक धोका आहे ज्याची गावाकडे फारशी चर्चा होत नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची मोठी शक्यता असते, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि केशरी रंगांत. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांमागे 90 भागांची मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेल्या दारावर किंवा पाळण्यावर कोरडा पॉलिश पेपर मारला, तर शिशाची धूळ घरभर उडते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती बाधते, गरोदर बाईलाही घातक असते. त्यामुळे असं लाकूड पाणी लावून, वॉटर पेपरनेच घासावं, तोंडाला चांगला मास्क लावावा, मुलांना लांब ठेवावं आणि खालचा गाळ ओल्या कापडाने टिपून घ्यावा. रंग जाळून काढू नये. आणि रंगवलेलं जुनं लाकूड चुलीत तर मुळीच घालू नये. त्याच्या धुरात आणि राखेत तेच शिसं असतं, आणि त्याच राखेने पुढे भांडी घासली जातात.

लाकूड रंगाचं नसून पॉलिशचं असेल, तर ते कशाचं आहे हे ओळखायची सोपी युक्ती सुतार मंडळींकडे आहे. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवायचा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाखेचं पॉलिश. लाख पुढेही उपयोगी पडते. बाभळीच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं, सागात नैसर्गिक तेल. पांढरा किंवा फिकट रंग दिला की काही दिवसांत त्यातून तपकिरी डाग वर येतात. आधी चपड्याचा एक पातळ हात दिला तर हे डाग अडतात. त्यावर वूड प्रायमर, मग लांबी, पुन्हा हलकं घासणं, आणि मग रंगाचे दोन पातळ हात. एका जाड हातात काम उरकायची घाई केली की रंग ओघळतो आणि वरून वाळून आत ओला राहतो.

घासण्याचा हा त्रास वाचवण्यासाठी ॲनी स्लोन या बाईंनी 1990 मध्ये इंग्लंडमध्ये 'चॉक पेंट' काढला. तो बहुतेक जुन्या पृष्ठभागावर प्रायमरशिवाय बसतो, खडूसारखा मऊ, बिनचमकेचा दिसतो आणि वरून मेण लावावं लागतं. भारतातही तो आता मिळतो. शोभेच्या टीपॉयला तो छान आहे. पण ज्या चौरंगावर पूजेचं पाणी सांडतं, ज्या दिवाणावर पोरं नाचतात, तिथे आपला ऑइल पेंट किंवा पाण्यात मिसळणारा एनॅमलच बरा. एनॅमलच्या डब्यांची जुन्या पिढीला तर चेहऱ्याने ओळख आहे. एशियन पेंट्सचा ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा 'गट्टू' आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढला होता.

सगळंच रंगवावं असं मात्र नाही. शिसवीची पेटी, कोरीव काम असलेला सागाचा पलंग किंवा माळवदाचा नक्षीदार खांब रंगाखाली झाकणं हा त्या सुताराच्या हातावर अन्याय आहे. अशा लाकडाला घासून चपडा किंवा जवसाचं तेल द्यावं. रंग शोभतो तो ठिगळं लागलेल्या, दोन-तीन जातींच्या लाकडांतून जुळवलेल्या, डागाळलेल्या सामानाला. मधला मार्गही आहे. टेबलाची वरची फळी लाकडाच्या मूळ रंगात ठेवायची आणि पाय तेवढे गडद निळे किंवा हिरवे करायचे. माळवदाच्या दाराला चार पाय लावून त्याचं टेबल केलं, तर कडी-कोयंडा तसाच ठेवून बाकीचं रंगवता येतं.

रंग हाताला कोरडा लागायला काही तास पुरतात, पण ऑइल पेंट आतून पक्का व्हायला आठवडा तरी जातो. तोवर फडताळात कपडे ठेवू नयेत, टेबलावर वर्तमानपत्र अंथरू नये, त्याची शाई आणि कागद रंगाला चिकटतो. आणि उरलेल्या रंगाचा डबा झाकण घट्ट ठोकून ठेवून द्यावा. नव्या घरातल्या दिवाणाला पहिला ओरखडा उठेल, तेव्हा त्यातलाच एक थेंब लागणार आहे.