दोघांना पुरेल एवढी मुंबई

१९७० साली राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ आला, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी घरांना पडद्यावर आपलंच बिऱ्हाड दिसलं. नवं लग्न, दोन खोल्या, त्यात सासरचा सगळा गोतावळा, आणि नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला निवांत कोपरा नाही. सुधीर फडक्यांनी चाली दिलेली त्यातली गाणी आजही लग्नाच्या हॉलमध्ये वाजतात. ती ऐकताना त्यामागची जागेची अडचण मात्र फारशी कुणाला आठवत नाही. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी याच कथेवर हिंदीत ‘पिया का घर’ केला. मुंबईत संसार मांडायचा म्हणजे आधी जागा शोधायची, हे तेव्हा साऱ्या देशाला कळलं.

गेल्या शंभरेक वर्षांत या शहरात तरुण जोडपी कशी राहिली, कुठे भेटली, कुठे बसली, याचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. घराने जे दिलं नाही, ते या जोडप्यांना रस्त्याने, समुद्राने, बसने आणि हॉटेलातल्या टेबलाने दिलं. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरण्या, गोदी, चळवळी यांची नोंद घेतली, ती घ्यायलाच हवी होती. पण संध्याकाळी साडेसहाला कट्ट्यावर शेजारी बसलेल्या दोघांचीही त्या इतिहासात जागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात चाळीपासूनच करावी लागते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. त्या खोलीत नवी सून आली की सगळ्या घराची रात्रीची मांडणी बदलायची. मोरीच्या कडेला जुन्या साडीचा पडदा लागायचा, कुणी पोटमाळा करून घ्यायचं, धाकटे दीर वळकट्या घेऊन गॅलरीत झोपायला जायचे. सासू एखाद्या रविवारी दुपारी पोराबाळांना गोळा करून ‘चला, मावशीकडे जाऊन येऊ’ म्हणत चपला घालायची आणि जाताना सुनेला सांगायची, ‘आम्हाला यायला उशीर होईल गं.’ यापलीकडे कुणी काही बोलायचं नाही. शेजारच्या खोलीतली म्हातारी ‘आज माझ्याकडे झोपायला या’ असं सासूला बोलवायची, तेही याच समजुतीतून. चाळीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी नळावरची भांडणं रंगवून सांगितली, गणेशोत्सव सांगितला. दोघांना एकांत मिळावा म्हणून दहा माणसांनी निमूटपणे केलेली ही सोय फार थोड्यांनी लिहिली.

या सोयीचा भार सारखा वाटलेला नव्हता, हेही सांगायला हवं. पडदा रात्री लावला तरी पहाटे सर्वांआधी उठून तो गुंडाळायचा सुनेनेच. कुणी जागं व्हायच्या आत अंथरूण काढून, पाणी भरून, चहाचं आधण ठेवायचं. तिला रुसायलाही जागा नव्हती. नवरा चिडला तर नाक्यावर जाऊन पान खाऊन येऊ शकत होता. तिला फार तर गॅलरीच्या टोकापर्यंत जाता यायचं.

गिरणगावातल्या हजारो जोडप्यांच्या वाट्याला तर तो पडदाही आला नाही. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले गडी खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहायचे, खाणावळीत जेवायचे, आणि त्यांच्या बायका गावी शेत आणि सासू-सासरे सांभाळायच्या. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची रजा, एवढाच त्यांचा संसार एकत्र. बाकी वर्षभर मनिऑर्डर आणि तिच्याखाली लिहिलेल्या चार ओळी.

साहित्यात शहरी जोडपं आलं ते बहुधा विनोदाच्या दारातून. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि काऊ पुण्याचे, गंगाधर गाडगीळांचे बंडू आणि स्नेहलता मुंबईचे. दोन्ही जोडप्यांची रोजची फजिती वाचताना हसू येतं, आणि त्या हसण्यात लेखकाची मायाही जाणवते. या सगळ्यांत वपु काळे यांचं स्थान मला वेगळं वाटतं. वपु वास्तुविशारद होते, मुंबई महापालिकेत नोकरीला होते. भिंत कुठे आहे आणि कुठे असायला हवी, हे त्यांना धंद्यानेच ठाऊक होतं. ‘पार्टनर’मध्ये संसाराची घुसमट घराच्या मापासकट येते, याचं श्रेय काही अंशी मी त्यांच्या पेशाला देतो.

सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाने मात्र या दोघांना घराबाहेर काढलं, आणि तिथे त्यांचं रूप खुललं. ‘छोटी सी बात’मध्ये बसस्टॉप आहे. जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ आहे, जिथे एका चहावर तास काढता यायचा. १९६४ साली सुरू झालेलं ते उपाहारगृह २०१५मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांत आता साठी ओलांडलेली अनेक जोडपी असणार. ‘बातों बातों में’मध्ये वांद्र्याहून चर्चगेटला जाणारी लोकल आहे. आणि १९७७चा ‘घरौंदा’. भीमसेन यांचा हा सिनेमा या विषयावरचा सर्वांत खरा सिनेमा आहे, असं माझं ठाम मत आहे. एकाच कचेरीत काम करणारे दोघे पै-पै साठवून फ्लॅटसाठी भरतात, बिल्डर पैसे घेऊन पळतो, आणि मग घरापायी त्यांचं प्रेमच पणाला लागतं. गुलजारांच्या गाण्यात ही दोघं शहरभर स्वतःचं घरटं शोधत फिरतात. आजही नव्या टॉवरचा सॅम्पल फ्लॅट पाहून बाहेर पडणारं जोडपं मला दिसतं, तेव्हा तेच दोघे आठवतात.

इराण्यांच्या हॉटेलांचं ऋण वेगळं मानायला हवं. बाहेर संगमरवरी टेबलं आणि लाकडी खुर्च्या, आणि कितीतरी ठिकाणी आत किंवा माळ्यावर ‘फॅमिली रूम’. साखरपुडा झालेली मुलगी भावी नवऱ्याबरोबर तिथे जाऊन बसली, तर कुणी वळून पाहत नसे. ब्रून मस्का आणि दोन चहा एवढ्या पैशांत अर्धा-पाऊण तास मिळायचा. त्या काळात घरातल्या कुणासमोर एकमेकांचं नाव घ्यायचीही चोरी होती. नाव पहिल्यांदा घेतलं जायचं ते त्या लाकडी आडोशामागे.

घर मिळायचं का नाही, याचं कारण कायद्यातही होतं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना आधार दिला, पण भाडी गोठल्यावर नवी भाड्याची घरं बांधण्यात कुणाला रस उरला नाही. पागडी देणं नव्या जोडप्याच्या आवाक्याबाहेर होतं. मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत लढून गोरेगावच्या दिंडोशी भागात सामान्यांसाठी घरं उभी केली. म्हाडाच्या सोडतीत कुणाकुणाचा नंबर लागला. बाकीचे रेल्वेच्या रुळांच्या कडेने पुढे पुढे सरकत गेले. आधी बोरिवली आणि मुलुंड, मग डोंबिवली, नालासोपारा, विरार, बदलापूर.

इथे प्रश्नाचं रूपच पालटलं. आजच्या जोडप्याला भाड्याने का होईना, वन आरके किंवा वन बीएचके मिळतो, दाराला आतून कडी असते. त्यांना एकत्र मिळत नाही तो वेळ.

माझ्या ओळखीतलं एक जोडपं नालासोपाऱ्याला राहतं. तो लोअर परळला, ती अंधेरीला. दोघं एकाच वेळी घरातून निघतात, एकाच रिक्षाने स्टेशनला येतात आणि पुलावर वेगळी होतात. ती लेडीज डब्याकडे, तो जनरलकडे. नालासोपाऱ्याला चढायला मिळेलच याची खात्री नाही, म्हणून कधी उलट विरारला जाऊन, बसून, त्याच गाडीने परत यायचं. गाडी एकच असते. तिच्या डब्यात कुणी मटार सोलत असतं, कुणाचं डोहाळजेवण ठरत असतं. त्याच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. वसई गेलं की तिचा मेसेज येतो, ‘बसायला मिळालं.’ तिला बसायला मिळालं की त्याचा दिवस बरा जातो, असं तो सांगतो. संध्याकाळी जो आधी उतरेल त्याने स्टेशनबाहेरची भाजी घ्यायची आणि कणीक मळायची, असा त्यांचा नेम आहे. वार लावून दिलेला नाही, गाडीच्या वेळेवर सोडलेला आहे. कणकेचे हात असे वाटले गेलेले पाहून मला फार बरं वाटतं, कारण त्यांच्या आयांच्या पिढीत हे घडत नव्हतं.

त्यांचं सर्वांत मोठं धाडस वर्षातून एकदा येतं, अकरा महिन्यांचा करार संपताना. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, मालकाला डिपॉझिट, कराराची नोंदणी, पोलीस व्हेरिफिकेशन. खोली दाखवायला येणारा विचारतो, ‘फॅमिली आहे ना? नॉनव्हेज खाता का?’ एका ठिकाणी तिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही म्हणून लग्नाचा दाखला मागितला. तिने तो शांतपणे मोबाइलवर काढून दाखवला, आणि बाहेर पडल्यावर ‘हे घर नको’ म्हणाली. दुसरं घर मिळायला पुढचे तीन रविवार गेले. तिचा नकार मला त्या सगळ्या धावपळीत सर्वांत मोलाचा वाटतो.

लग्नाचा दाखला मिळवणं हीसुद्धा काहींसाठी लढाईच असते. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस कार्यालयात लागते, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. घरचे खूश असतील तर हे तीस दिवस खरेदीत निघून जातात. जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांना तेच दिवस मैत्रिणीच्या खोलीवर, फोन बंद ठेवून काढावे लागतात. अशा जोडप्यांना मुंबईने सामावून घेतलं, कारण इथे शेजारी आडनावाच्या आधी मेंटेनन्स भरला का ते विचारतो. हे या शहराचं मोठेपण आहे आणि ते जपायला हवं.

याच शहराने त्यांना त्रासही दिला आहे. ऑगस्ट २०१५मध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सज्ञान जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढलं, तेव्हा शहरभर संताप उसळला. २०२१मध्ये बोरिवलीत एका सोसायटीसमोरच्या रस्त्यावर चुंबनाला मनाई असल्याचं रंगाने लिहिण्यात आलं. रहिवाशांची तक्रार मी समजू शकतो. पण ती दोघं त्या रस्त्यावर का आली, हा प्रश्न विचारला जात नाही. कॉफीचा कप पगाराला झेपत नाही, घरी चार माणसं. उरतो तो रस्ता.

आणि तरीही रविवार येतोच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चालत जायचं, गोराईची बोट पकडून पलीकडे सायकली भाड्याने घ्यायच्या, गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसायचं, पावसाळ्यात एकाच छत्रीत मरीन ड्राइव्हवर भिजायचं. दिवाळीच्या आधी माहीमच्या कंदील गल्लीत जाऊन पहिला आकाशकंदील निवडायचा आणि लोकलच्या गर्दीत तो चेपू नये म्हणून दोघांनी हात वर धरून आणायचा. नालासोपाऱ्याच्या त्या दोघांनी गेल्या वर्षी दादर ते घर असा तो आणला. एक पाकळी फाटली, ती तिने डिंकाने चिकटवली. आईला व्हिडिओ कॉल लावून चकलीची भाजणी विचारली, तेव्हा आईने तिकडून मोहन किती घालायचं ते मुठीने दाखवलं.

आता वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आहेत. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना दिल्या गेल्या. ज्या घरांत तीन पिढ्या पडदा लावून राहिल्या, तिथे आता दार लागेल. बाईच्या नावावर घर घेतलं तर २०२१पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यामुळे का होईना, कागदावर तिचं नाव येऊ लागलं आहे. नालासोपाऱ्याच्या त्या दोघांचाही विरारला स्वतःचं घर घ्यायचा विचार चालू आहे. हप्ता दोघांच्या पगारातून, नाव तिचं, आणि स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर, ही तिची अट. रिक्षाची वाट पाहण्यात जाणारी वीस मिनिटं तिला घरी हवी आहेत.