बारा लिटर, पंधरा मिनिटे

मराठी माणूस डोकेदुखी हा शब्द फार उधळेपणाने वापरतो. घराचे हप्ते ही डोकेदुखी, चिरंजीवांची बारावी ही डोकेदुखी आणि सोसायटीची वार्षिक सभा ही तर सामुदायिक डोकेदुखी! या सढळ वापराचा तोटा असा, की एखाद्याचे डोके खरोखरीच दुखू लागले तर त्याच्याकडे गांभीर्याने बघायला कोणी तयार नसते. ‘बाम चोळा आणि स्वस्थ पडून राहा’, एवढ्यावर प्रकरण मिटते. मी जिच्याविषयी सांगणार आहे ती डोकेदुखी बामाने हटत नाही. आणि स्वस्थ पडून राहणे तर तिच्यात मुळीच साधत नाही.

तिचे नाव क्लस्टर हेडेक. क्लस्टर म्हणजे घोस. वर्षाचे दहा-अकरा महिने काही म्हणजे काही होत नाही. मग एकदा सुरुवात झाली, की सहा-आठ आठवडे द्राक्षाच्या घोसासारखे झटक्याला झटका लागून येतो. दिवसाआड एकापासून दिवसाला आठांपर्यंत, असा त्याचा पल्ला. दुखते ते एकाच बाजूला, डोळ्याच्या खोबणीत आणि तिच्या मागे. त्या बाजूचा डोळा लाल होऊन गळू लागतो, पापणी उतरते, नाकपुडी चोंदते. पाव तास ते तीन तास हा खेळ चालतो आणि मग कोणी दिवा मालवावा तसा एकाएकी थांबतो. हजारात एखाद्याला हे दुखणे होते, बायकांपेक्षा पुरुषांना अधिक. म्हणजे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आम्ही मंडळी हजारोंनी आहोत; फक्त एकमेकांना ओळखत नाही.

माझी आणि त्याची गाठ पडली २००९ च्या नोव्हेंबरात. दिवाळीचे आकाशकंदील उतरले आणि दोन-तीन दिवसांतच रात्री दोनला मी उठून बसलो. उजव्या डोळ्यात कोणी तापलेली सळई घालून फिरवीत आहे, याहून दुसरी उपमा मला तेव्हा सुचली नाही आणि आजही सुचत नाही. दुसऱ्या रात्रीही दोन. तिसऱ्या रात्रीही दोन. आमच्या कचेरीत घड्याळाचा एवढा मान कोणी राखत नाही! या वक्तशीरपणाचे कारण पुढे वाचायला मिळाले. शरीराचे घड्याळ सांभाळणारा मेंदूतला भाग, हायपोथॅलॅमस, या झटक्याच्या वेळी जागा होतो, असे १९९८ साली मेंदूच्या चित्रणातून दिसून आले. म्हणूनच कित्येकांचे दुखणे ठरावीक ऋतूत येते आणि झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी उठवते.

त्यानंतरची सात वर्षे मी थोडक्यात आटोपतो. पहिल्या साली एका दंतवैद्याने माझी उजवीकडची वरची दाढ काढली. दुसऱ्या साली सायनसचे निदान झाले, तिसऱ्या साली नाकाचे हाड सरळ केले. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मावशींनी सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खायला घातली, कारण अर्धशिशीवर तो रामबाण उपाय. जिलेबी उत्तम होती. गंमत अशी, की प्रत्येक उपाय दर वर्षी लागू पडे! डिसेंबर संपता संपता घोस आपोआप ओसरायचा आणि त्या त्या साली जो उपाय चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडायचे. ठरावीक मुदतीच्या दुखण्याला हा मोठाच शाप आहे.

गमतीची बाजू इथे संपते. पाश्चात्य देशांत या दुखण्याला ‘आत्महत्येची डोकेदुखी’ असेही नाव पडले आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्या दोन महिन्यांत आमची सौ. रात्री गॅलरीच्या दाराला कुलूप लावी आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवी. त्याविषयी आम्ही दोघे कधी एका शब्दाने बोललो नाही.

२०१६ साली मेंदूविकाराच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फाइल बाजूला सारली आणि विचारले, “दुखत असताना तुम्ही काय करता?”

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच सौ. म्हणाली, “हे येरझारा घालतात. बसत नाहीत, निजत नाहीत. परवा भिंतीवर डोके आपटत होते.”

बाई लिहिता लिहिता थांबल्या. “उजेड नको, आवाज नको, असे म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहत नाहीत ना?”

“छे हो! यांना कोणी हात लावलेला खपत नाही.”

निदान इथेच झाले. अर्धशिशीचा रोगी अंधारात निपचित पडतो. क्लस्टरचा रोगी पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरतो. सात वर्षांत हा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि ज्याचे डोके दुखते त्यापेक्षा त्याचे उत्तर उशाशी बसणाऱ्याला अधिक चांगले ठाऊक होते. दुसरे काही कारण नाही ना, याची खात्री करण्यासाठी बाईंनी एम.आर.आय. करून घेतला. घोस आवरावा म्हणून व्हेरापामिल सुरू केले; ते हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करते, म्हणून मात्रा वाढवताना दर वेळी ई.सी.जी. ते चढेपर्यंत आडोसा म्हणून थोडे दिवस स्टेरॉइड. आणि प्रत्यक्ष झटक्यासाठी त्यांनी लिहून दिला प्राणवायू.

मला वाटले, बाई थट्टा करताहेत. पण ही युक्ती बरीच जुनी निघाली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ साली या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यावर प्राणवायूही देऊन पाहिला. १९८१ साली कॅलिफोर्नियाच्या डॉ. ली कुड्रो यांनी त्याची पद्धतशीर पाहणी प्रसिद्ध केली. (आमच्या कन्येला या नावाचे फार अप्रूप, कारण ‘फ्रेंड्स’ मालिकेतली फीबी ही त्यांची मुलगी!) २००९ साली लंडनच्या डॉक्टरांनी रोग्यांना कधी प्राणवायू तर कधी साधी हवा दिली; नळकांड्यात काय आहे हे रोग्याला कळू दिले नाही. मिनिटाला १२ लिटर, १५ मिनिटे. प्राणवायूने शंभरातल्या ७८ झटक्यांत आराम पडला, साध्या हवेने २० झटक्यांत. म्हणजे ज्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा भिंती धरत होतो, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात हे छापून आले होते!

आता औषध कळले, पण ते रात्री दोन वाजता उशाशी आणायचे कसे? खरी कथा इथेच आहे. पहिल्या रात्री रिक्षा करून जवळच्या एका इस्पितळात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टराने माझ्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, ९८. “काका, तुम्हाला ऑक्सिजनची गरजच नाही.” त्याच्या हिशेबाने तो बरोबर होता. परंतु इथे प्राणवायू द्यायचा तो रक्तात कमी आहे म्हणून नव्हे, औषध म्हणून. सौ.ने हट्ट धरला तेव्हा त्याने नाकात दोन नळ्या खुपसून मिनिटाला २ लिटर सोडला. त्याने वणव्यावर चमचाभर पाणी टाकल्याइतकाही फरक पडला नाही. तासाभराने झटका आपला आपण ओसरला आणि आम्ही बिल भरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चिठ्ठी नव्याने लिहिली, आणि ही चिठ्ठीच सगळ्यात मोलाची ठरली. नुसते ‘ऑक्सिजन’ नव्हे. शुद्ध प्राणवायू, मिनिटाला १२ ते १५ लिटर, नाकातल्या नळ्या नकोत, पिशवीचा मास्क हवा, ज्यात सोडलेला श्वास परत आत येत नाही, ताठ बसून, किंचित पुढे वाकून, १५ ते २० मिनिटे. खाली रोगाचे नाव, सही, शिक्का. ही चिठ्ठी पाहून सिलिंडरवाल्याने पहिला प्रश्न केला, “पेशंट सीरियस आहे का?” मीच पेशंट, हे त्याला पटेना. शेवटी त्याने अनामत घेतली आणि एक पोऱ्या खांद्यावर काळे नळकांडे घेऊन चार जिने चढला. वाटेतल्या तिन्ही मजल्यांवर दारे उघडली. संध्याकाळपर्यंत दोन शेजारणी सौ.ला धीर द्यायला येऊन गेल्या.

पहिला प्रयोग त्याच रात्री झाला. १ वाजून ५० मिनिटांनी डोळ्यात टोचल्यासारखे झाले. (झटका भरात येण्याची वाट पाहायची नाही, पहिल्या टोचणीलाच मास्क चढवायचा.) सौ.ने पान्याने चावी फिरवली, मी खुर्चीवर गुडघ्यांवर कोपरे टेकून बसलो. पिशवी फुगली. दहाव्या मिनिटाला सळई जरा मागे सरकल्यासारखी वाटली. चौदाव्या मिनिटाला मी मास्क काढला आणि विचारले, “आपल्याकडे काही खायला आहे का?” सौ. रडू लागली.

संसारी माणसाला हिशेब सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या ‘बी’ सिलिंडरात सुमारे १,५०० लिटर प्राणवायू मावतो. बारा पंधरे एकशेऐंशी; म्हणजे आठ झटके. रात्री दोन आले, की चौथ्या दिवशी नळकांडे रिकामे, आणि ते बहुधा रविवारीच व्हायचे! म्हणून घोसाच्या दिवसांत दोन हवीत. ‘जम्बो’त ७,००० लिटर मावतो, पण तो चार जिने चढवायला भीम पाहिजे. वैद्यकीय सिलिंडरचा खांदा पांढरा असतो. सगळाच काळा असेल तर तो कारखान्याचा. प्रवाहाचे मीटर १५ लिटरपर्यंत जाणारे आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. चावीला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, आणि त्या खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, सिगरेट काही नाही. पणत्यांच्या दिवसांत आमचे नळकांडे आतल्या खोलीत नजरकैदेत असते.

सुमाट्रिप्टानचे कातडीखालचे इंजेक्शनही झटका मोडते. मात्र हृदयविकार असलेल्याला ते चालत नाही, आणि दिवसाला दोनांपलीकडे घेता येत नाही. गोळ्या पोटात विरघळेपर्यंत झटका आपले काम करून गेलेला असतो. घोस चालू असताना मद्याचा एक घोटही झटक्याला बोलावतो. फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्याने मात्र प्राणवायू डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. आणि ही नावे वाचून कोणी परस्पर औषधाच्या दुकानात जाऊ नये. अचानक उठलेल्या भयंकर डोकेदुखीची दुसरीही कारणे असतात, आणि ती वाट बघत नाहीत.

२०२१ च्या एप्रिलात प्राणवायूसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे होते. माझा घोस हिवाळ्याचा, म्हणून दोन्ही नळकांडी मोकळी होती. ती दुसऱ्या मजल्यावर गेली, तिथून समोरच्या इमारतीत. एक परत आले, एकाचा पत्ता लागला नाही. पुढे नोव्हेंबरात एका स्नेह्यांनी आपले ५ लिटरचे कॉन्सन्ट्रेटर यंत्र प्रेमाने आणून दिले. ते माझ्या कामाचे नव्हते. हवेतून प्राणवायू गाळणाऱ्या त्या यंत्राला १२ लिटरचा प्रवाह झेपत नाही. मात्र त्या वर्षाने एक झाले, मास्क आणि लिटर हे शब्द घरोघरी कळू लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेनेही या दुखण्यासाठी घरी प्राणवायू देण्यावरची आपली दहा वर्षांची आडकाठी उठवली.

मागच्या मार्गशीर्षात सिलिंडरवाल्याचा तोच पोऱ्या (आता बाप्या झाला आहे) भरलेले नळकांडे घेऊन आला, तेव्हा त्याच्या मागे एक बाई होत्या. त्याच्या चाळीतल्या. यजमान रात्री गच्चीत फेऱ्या घालतात, एक डोळा लाल होतो, दोन दाढा काढून झाल्या. “साहेब, तुमचाच आजार वाटला म्हणून घेऊन आलो,” तो म्हणाला. सौ.ने त्यांना आत बसवून चहा दिला. मी बाईंची चिठ्ठी कपाटातून काढून समोर ठेवली, डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहिला आणि त्यांना म्हटले, “हे आकडे तुमच्या कामाचे आहेत की नाही ते त्या ठरवतील, पण जाताना तुम्ही बरोबर जा. रात्री ते काय करतात हे तुम्हीच सांगायचे आहे.”