विश्लेषण : समुद्राखालून १२ हजार किलोमीटर जाणारा प्रकाश वाटेत विझत का नाही?

मुंबईहून निघणारी ‘आयएमईडब्ल्यूई’ ही केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र पार करून फ्रान्सच्या मार्सेल शहरात पोहोचते. लांबी सुमारे १२ हजार किलोमीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाजवळ ही केबल आणि ‘सी-मी-वी ४’ यांत बिघाड झाला, तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले. केबल तुटली की तिची बातमी होते. पण एरवी केसाएवढ्या काचेतून प्रकाश इतक्या दूर शाबूत कसा पोहोचतो, आणि आता त्याची मर्यादा कुठे आली आहे?

मुळात काचेतून प्रकाश किती दूर जातो?

खिडकीची काच पारदर्शक वाटते, कारण ती काही मिलिमीटरच जाड असते. १९६६ मध्ये इंग्लंडमधील हार्लो येथे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की, प्रकाश विझतो तो मुख्यतः काचेतील अशुद्ध घटकांमुळे. ही घट किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत आणता आली, तर काचतंतू दूरसंचारासाठी वापरता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. २० डेसिबल घट म्हणजे शंभरातला एक भाग उरणे. त्या काळच्या तंतूंत घट किलोमीटरला हजार डेसिबलच्या घरात होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती १७ डेसिबलवर आणली. १९७९ मध्ये जपानमध्ये ०.२ डेसिबलचा टप्पा गाठला गेला. काव यांना या कामासाठी २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

०.२ डेसिबल म्हणजे १५ किलोमीटरनंतर निम्मा प्रकाश उरतो आणि १०० किलोमीटरनंतर एक टक्का. पण हाच हिशेब १२ हजार किलोमीटरला लावला, तर एकूण घट २४०० डेसिबल होते. म्हणजे १ वर २४० शून्ये मांडून जी संख्या होईल, तितक्या भागांपैकी एक भाग उरतो. इतक्या लांबवर प्रकाशाचा एक कणही पोहोचणार नाही. म्हणजे काच कितीही शुद्ध केली, तरी वाटेत मदत लागतेच.

ही मदत कोण करते?

१९८८ मध्ये अटलांटिक महासागराखाली ‘टॅट-८’ ही पहिली फायबर केबल सुरू झाली. तिच्या वाटेवरील यंत्रे प्रकाशाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करीत, तो नीटनेटका करीत आणि पुन्हा लेझरने पुढे पाठवीत. पण ही यंत्रे एका ठरावीक वेगासाठीच बनवलेली असत. वेग वाढवायचा तर समुद्रतळावरची यंत्रेच बदलावी लागली असती.

यातून वाट निघाली ती अर्बियम या धातूमुळे. १९८७ मध्ये ब्रिटनच्या साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांचा गट आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देझुर्वीर यांनी अर्बियम मिसळलेल्या फायबरचे ॲम्प्लिफायर दाखवले. काही मीटर लांबीच्या या खास तंतूत ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा लेझर सोडला की अर्बियमचे अणू ऊर्जा साठवतात. १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे सिग्नलचा प्रकाश तेथून गेला की ते ती ऊर्जा त्याच प्रकाशाच्या हुबेहूब प्रतींच्या रूपाने देतात. विजेत रूपांतर करावे लागत नाही. शिवाय वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे वेगवेगळ्या ‘रंगां’चे डझनावारी सिग्नल एकाच वेळी वाढतात. योगायोग असा की, काचेत प्रकाश सर्वांत कमी विझतो तोही याच पट्ट्यात. समुद्रात साधारण ६० ते १०० किलोमीटरवर असा एक ॲम्प्लिफायर असतो. मुंबई-मार्सेलएवढ्या अंतरात ८० किलोमीटरचा टप्पा धरला, तर एका तंतूच्या वाटेवर असे सुमारे दीडशे टप्पे होतात.

प्रकाश वाढवला, तरी सिग्नल का बिघडतो?

कारण ॲम्प्लिफायर सिग्नल वाढवतो, तसा स्वतःचा थोडा विस्कळीत प्रकाशही त्यात मिसळतो. पुढचा ॲम्प्लिफायर दोन्ही वाढवतो आणि आपली भर घालतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की अक्षरे असतात, पण पार्श्वभूमी काळवंडत जाते, तसेच हे. म्हणून लांब केबलमध्ये प्रकाश किती उरला यापेक्षा सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण किती, हे महत्त्वाचे ठरते.

दुसरा बिघाड पसरटपणाचा. प्रकाशाच्या एका स्पंदात थोड्या वेगवेगळ्या तरंगलांबी असतात आणि काचेत त्यांचा वेग सारखा नसतो. एकत्र सुटलेले धावपटू जसे पुढे-मागे होतात, तसे स्पंद पसरतात आणि शेजारच्या स्पंदांत मिसळतात. सेकंदाला १० गिगाबिटच्या साध्या सिग्नलला नेहमीच्या फायबरमध्ये साधारण ६० ते ८० किलोमीटरवरच हा त्रास जाणवू लागतो.

यावर कोणता उपाय सापडला?

आधी उलट गुणाच्या फायबरचे तुकडे वाटेत जोडून पसरलेले स्पंद पुन्हा आवळले जात. २०१० च्या सुमारास खरा बदल झाला तो किनाऱ्यावरच्या यंत्रांत. पूर्वी ‘प्रकाश आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच ओळखले जाई. नव्या पद्धतीत आलेला प्रकाश जागेवरच्या दुसऱ्या लेझरशी ताडून पाहतात आणि त्याची तीव्रता, तरंगाची कला व ध्रुवीकरण हे सगळे मोजतात. एवढी माहिती हाती आली की हजारो किलोमीटरचा पसरटपणा चिपमधील गणित उलटे करून काढून टाकता येतो.

जोडीला चूकदुरुस्तीचे संकेत असतात. समुद्री केबलमध्ये पूर्वी वापरात असलेल्या एका संकेतात २३९ बाइट माहितीमागे १६ बाइट तपासणीसाठी जोडलेले असत. त्यातून आठपर्यंत चुकलेले बाइट ओळखून दुरुस्त करता येत. आताचे संकेत याहून बरेच सक्षम आहेत. त्यामुळे समुद्रातल्या जुन्या केबलला हात न लावता, केवळ दोन्ही टोकांची यंत्रे बदलून तिची क्षमता अनेक पटींनी वाढवता येते.

मग अंतर आणि क्षमता दोन्ही हवी तेवढी का मिळत नाहीत?

एका स्पंदात प्रकाशाच्या चार अवस्था वापरल्या तर दोन बिट जातात, सोळा वापरल्या तर चार. पण अवस्था जितक्या जास्त, तितक्या त्या एकमेकींच्या जवळ येतात आणि थोड्या गोंगाटानेही गल्लत होते. म्हणून कमी अंतरावर दाट संकेत चालतात, तर महासागर ओलांडताना विरळ संकेतांवर यावे लागते.

मग प्रकाशच जोरात का सोडत नाहीत? इथे काच आडवी येते. तंतूचा गाभा जेमतेम नऊ हजारांश मिलिमीटरचा असतो. तेवढ्याशा जागेत प्रकाश तीव्र झाला की काचेचे गुणधर्म त्याच प्रकाशामुळे किंचित बदलतात. मग एका रंगाचा सिग्नल दुसऱ्याला बिघडवू लागतो. एका मर्यादेनंतर प्रकाश वाढवला की दर्जा घसरतो. ही मर्यादा प्रत्येक रंगामागे सुमारे एका मिलिवॉटच्या आसपास असते.

शिवाय ॲम्प्लिफायरना लागणारी वीज केबलमधल्या तांब्याच्या वाहकातून किनाऱ्यावरूनच पाठवावी लागते आणि तिलाही मर्यादा आहे. त्यामुळे नव्या केबलचे धोरण उलटे आहे : एका तंतूत जास्त कोंबण्यापेक्षा जास्त तंतू घालायचे आणि प्रत्येकात बेताचा प्रकाश सोडायचा. ‘आयएमईडब्ल्यूई’त तंतूंच्या तीन जोड्या आहेत. अमेरिका आणि स्पेन यांना जोडणाऱ्या ‘मारेआ’त आठ जोड्या असून तिची आखणी सेकंदाला १६० टेराबिटसाठी झाली. त्यानंतरच्या ‘ड्युनंट’ केबलमध्ये १२ जोड्या आणि २५० टेराबिट.

केबलच्या जोडकामाने काय फरक पडतो?

समुद्रातली तुटलेली केबल ओढून सरळ जोडता येत नाही. टोके जहाजावर आणण्यासाठी मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. समुद्र जितका खोल, तितका हा तुकडा लांब. प्रत्येक दुरुस्तीत लांबी वाढते, सांधे वाढतात आणि घटही वाढते. म्हणून आखणी करतानाच भविष्यातील दुरुस्त्यांसाठी काही डेसिबल राखून ठेवतात. वारंवार तुटणाऱ्या पट्ट्यात ही शिल्लक लवकर संपते.

घरापर्यंतच्या फायबरलाही हाच हिशेब लागू आहे. तिथे वाटेत सहसा ॲम्प्लिफायर नसतो. नेहमीच्या पद्धतीत एकूण घटीची मुभा सुमारे २८ डेसिबल. एक तंतू ३२ घरांत विभागला की १७ डेसिबलच्या आसपास जातात. मोडेमकडून परत जाणाऱ्या प्रकाशाचे २० किलोमीटरला सात डेसिबल जातात. उरलेल्या चारांत सगळे सांधे, कनेक्टर आणि वळणे भागवायची. रस्ता खोदताना तुटलेल्या तंतूचा घाईत केलेला सांधा, कनेक्टरवरची धूळ किंवा दाराच्या फटीत दुमडलेली वायर यांतून ही शिल्लक संपू शकते. मोडेमवर लाल दिवा लागतो तो प्रकाश पुरेसा पोहोचत नसल्यामुळे.

पुढे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये किलोमीटरला ०.०९१ डेसिबल इतकी कमी घट नोंदवल्याचे प्रसिद्ध केले. यात प्रकाश काचेतून न जाता पोकळीतून जातो. १०० किलोमीटरनंतर एक टक्क्याऐवजी सुमारे १२ टक्के प्रकाश उरतो, तो जवळपास दीडपट वेगाने जातो आणि तीव्र प्रकाशाने होणारा बिघाडही फार कमी असतो. मात्र असा तंतू अखंड लांबीत आणि परवडेल अशा खर्चात बनवणे, नेहमीच्या फायबरशी जोडणे आणि समुद्रतळावर पोकळीत पाणी शिरू न देणे ही कामे अवघड आहेत. तोवर तरी १९७० च्या दशकात घडलेल्या काचेवरच, जास्त तंतू आणि अधिक हुशार चिप यांच्या बळावर, भागवावे लागेल.