एंगाडीन–रेशेन परिसरातील ग्रॅव्हल सायकल मार्ग

एंगाडीन–रेशेन परिसरातील ग्रॅव्हल सायकल मार्ग हे आल्प्स पर्वतातील उंच खोरी व सरोवरे यांना जोडणारे सायकल मार्ग आहेत. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन राज्यातील मालोया खिंडीपासून निघून ते इन नदीच्या खोऱ्याने ईशान्येकडे उतरतात आणि इटलीच्या दक्षिण टिरोल प्रांतातील रेशेन सरोवरापर्यंत पोहोचतात. वाटेत काही अंतर ऑस्ट्रियातून जाते. या प्रवासाच्या एका टोकाला धरणापासून वाचलेले सरोवर आहे, तर दुसऱ्या टोकाला धरणामुळे गाव बुडवून तयार झालेले.

ग्रॅव्हल सायकल

खडी, मुरूम व माती यांच्या कच्च्या रस्त्यांवर चालवण्यासाठी बनवलेल्या सायकलीला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वळलेले असते, पण टायर रुंद, साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटरचे असतात. टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवला की सुट्या खडीवर पकड चांगली मिळते आणि हादरे कमी बसतात. लांब उतारांसाठी डिस्क ब्रेक आणि चढांसाठी हलके गिअर आवश्यक ठरतात. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात भरवली.

आल्प्समधील असे बहुतेक कच्चे रस्ते सायकलींसाठी बांधलेले नाहीत. लाकूडतोड, उन्हाळी कुरणांवर गुरे नेणे, खाणी, लष्कर किंवा जलविद्युत प्रकल्प अशा कारणांसाठी ते तयार झाले आणि सायकलस्वार त्यांचा वापर अलीकडे करू लागले.

भूगोल

एंगाडीन म्हणजे इन नदीचे वरचे खोरे. स्थानिक रोमांश भाषेत या नदीला ‘एन’ म्हणतात. नदीचा उगम मालोयाजवळच्या लुंघिन तळ्यात होतो. तेथील लुंघिन खिंड हा तिहेरी जलविभाजक आहे. खिंडीच्या एका बाजूचे पाणी ऱ्हाइन नदीतून उत्तर समुद्राला, दुसऱ्या बाजूचे इन व डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला आणि तिसऱ्या बाजूचे पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला मिळते. रेशेन खिंडीपाशी हाच मुख्य जलविभाजक पुन्हा ओलांडावा लागतो. तेथून पुढे आदिजे नदीचे खोरे सुरू होते.

मार्गाचे टप्पे

वरचे एंगाडीन: मालोया (सुमारे १,८१५ मीटर) ते सेंट मॉरिट्स या टप्प्यात सिल्स, सिल्वाप्लाना, शांफेर व सेंट मॉरिट्स ही चार सरोवरे ओळीने येतात. खोऱ्याचा तळ जवळजवळ सपाट असल्याने हा भाग नवशिक्यांनाही झेपतो. सिल्वाप्लाना सरोवराच्या दक्षिण काठावरील कच्ची वाट सुर्लेय येथील पिरॅमिडच्या आकाराच्या खडकाजवळून जाते. जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यांना ‘शाश्वत पुनरावर्तना’ची कल्पना ऑगस्ट १८८१ मध्ये याच खडकापाशी सुचली. डोंगराळ खोऱ्यांत दिवसा वारा सहसा खालून वर वाहतो. येथे मात्र ‘मालोया वारा’ दुपारी वरून खाली वाहतो. त्यामुळे मालोयाहून निघणाऱ्याला तो पाठीवर मिळतो आणि उलट दिशेने येणाऱ्याची दमछाक होते.

खालचे एंगाडीन: त्सेर्नेत्स व श्कुओल या गावांवरून मार्ग मार्टिनापर्यंत (१,०३५ मीटर) उतरतो. एकूण उतार असला तरी मधले लहान चढ बरेच आहेत. मार्टिनापासून डांबरी घाटाने नोर्बर्ट्सह्योहे (१,४०५ मीटर) चढून ऑस्ट्रियातील नाउडर्स आणि तेथून सुमारे १,५०० मीटर उंचीची रेशेन खिंड गाठता येते.

श्चार्लमार्गे पर्याय: श्कुओलहून दक्षिणेला श्चार्ल या जुन्या खाणगावाकडे रस्ता जातो. पुढे तामांगुर हे स्टोन पाइन वृक्षांचे अतिउंचावरील वन लागते. त्यानंतर कोस्ताइनास खिंड (२,२५१ मीटर) ओलांडून म्युश्टाइर खोऱ्यात उतरता येते. तेथील सेंट जॉन मठ १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इटलीतील तटबंदीच्या ग्लुर्न्स गावावरून पुन्हा वर चढून रेशेन सरोवर गाठले जाते. हा पर्याय अधिक कठीण व एकांताचा आहे.

दोन सरोवरांचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिल्स आणि रेशेन या दोन्ही ठिकाणी जलविद्युत निर्मितीच्या योजना होत्या. सिल्स सरोवर वाचवण्यासाठी १९४० च्या दशकात चळवळ उभी राहिली. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडभर सोनेरी वेष्टणातील चॉकलेटची नाणी विकून तिच्यासाठी निधी जमवण्यात आला. सरोवराचा काठ त्यामुळे आजही नैसर्गिक आहे. चॉकलेटच्या नाण्यांची ही विक्री पुढे निसर्ग व वारसा संवर्धनासाठीचा वार्षिक उपक्रम बनली.

रेशेन येथे ग्रामस्थांचा विरोध निष्फळ ठरला. धरणाच्या भांडवलाचा काही भाग स्वित्झर्लंडमधूनच कर्जरूपाने आला होता. १९५० मध्ये पाणी सुमारे २२ मीटरने चढवण्यात आले आणि दोन नैसर्गिक तळी एक झाली. ग्राउन गाव व रेशेन गावाचा काही भाग पाण्याखाली गेला. १६३ घरे पाडली गेली आणि अनेक कुटुंबांना शेती गमावून स्थलांतर करावे लागले. चौदाव्या शतकातील चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर दिसतो. सरोवराभोवती सुमारे १५ किलोमीटरचा फेरा मारता येतो. आज पर्यटकांचे छायाचित्रण मुख्यतः या मनोऱ्याभोवतीच चालते.

कायदा व नियम

तीन देशांत सायकलस्वाराचे हक्क सारखे नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये २३ सप्टेंबर २०१८ च्या सार्वमतात ७३.६ टक्के मतदारांनी सायकल मार्गांना राज्यघटनेत स्थान देण्यास मान्यता दिली आणि त्यानुसार केलेला कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वन कायद्यानुसार जंगलात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, परंतु वनरस्त्यावर सायकल चालवण्यासाठी मालकाची संमती लागते. म्हणून तेथे सायकलीसाठी खुल्या केलेल्या, फलक लावलेल्या रस्त्यांवरूनच जावे लागते. त्सेर्नेत्सजवळ १९१४ मध्ये स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानातील पायवाटांवर सायकलींना बंदी आहे.

कुरणांतून जाताना गुरांसाठी लावलेली फाटके उघडल्यावर पुन्हा बंद करणे अपेक्षित असते. मेंढ्यांच्या कळपासोबत राखणीचे कुत्रे असल्यास सायकलवरून उतरून, अंतर राखून पायी जाणे सुरक्षित ठरते.

हंगाम व वाहतूक

खालच्या खोऱ्यांतील मार्ग वसंतात मोकळे होतात, तर उंच खिंडींवरील बर्फ बहुधा जूनपर्यंत टिकतो. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस येण्याची शक्यता असल्याने खिंडी सकाळीच ओलांडणे श्रेयस्कर असते. श्कुओलपर्यंत रेशन रेल्वेच्या गाड्या धावतात व त्यांतून सायकल नेता येते. इटलीच्या बाजूस मेरानो–मालेस ही रेल्वे २००५ मध्ये पुन्हा सुरू झाल्याने परतीचा प्रवास सोपा झाला आहे.